औषध खरेदीची यंत्रणा उभी राहू द्या

महोदय,

सरकारी रुग्णालयांत औषधांचा तुटवडा झाला की निधी किती मंजूर झाला आणि निविदा कुठे अडली यावर चर्चा होते; ही खरेदी वर्षानुवर्षे बिनचूक करू शकेल अशी संस्था राज्याने उभी केली आहे का, हा प्रश्न मात्र मागे पडतो. २०१७ मध्ये ही जबाबदारी हाफकिन महामंडळाकडे सोपवण्यात आली. पोलिओची लस आणि सर्पदंशावरील औषध बनवणे हे त्या संस्थेचे बलस्थान. हजारो वस्तूंची खरेदी हे निराळ्या कौशल्याचे काम होते. पुढे २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण स्थापन झाले, ही योग्य दिशा आहे.

तमिळनाडूने असे महामंडळ १९९४ मध्येच स्थापन केले आणि आजतागायत टिकवले. तेथे प्रत्येक आरोग्य केंद्राला पासबुक असते, त्यात औषधांसाठी ठरलेली रक्कम नोंदलेली असते आणि जिल्ह्याच्या गोदामातून केंद्र आपल्या गरजेप्रमाणे औषधे उचलते. त्यामुळे कोणते औषध किती लागेल हे रुग्ण तपासणाऱ्यांच्या अनुभवावरून ठरते. आलेल्या प्रत्येक बॅचचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत पाठवले जातात आणि चाचणीत उतरल्याखेरीज तो माल वाटला जात नाही. राजस्थान आणि केरळनेही पुढे याच धर्तीवर महामंडळे काढली.

औषध निर्माण अधिकारी म्हणून काम करताना मी मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या गोळ्या महिन्याऐवजी आठवड्यापुरत्या मोजून दिल्या आहेत. मजुरी बुडवून दर आठवड्याला येणे ज्यांना परवडत नाही, त्यांचे उपचार तिथेच तुटतात आणि साखर वाढून पाय चिघळल्यावरच ते परत येतात. साठा नोंदवहीत या माणसांची नोंद होत नाही.

म्हणून प्राधिकरणाच्या प्रमुखाला किमान तीन वर्षांचा कार्यकाळ मिळावा, औषधशास्त्र, साठवणूक आणि करारांचे काम जाणणारी माणसे कायमस्वरूपी नेमली जावीत (प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी काम शिकेपर्यंत त्याची बदली होते) आणि पुरवठादारांची देयके ठरलेल्या मुदतीत चुकती व्हावीत, कारण पैसे थकले की चांगले उत्पादक निविदाच भरत नाहीत. शिवाय प्रत्येक जिल्हा औषध भांडारातील शिल्लक साठा दरमहा जाहीर करावा, म्हणजे जिल्हा परिषद सदस्यांना आणि रुग्ण कल्याण समित्यांना वेळीच जाब विचारता येईल.

— एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी, सातारा