आयुक्त साहेब, आमची चिठ्ठी कुठे गेली?

मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र यांस,

साहेब, नमस्कार. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. नोकरीत असताना लोकसभा-विधानसभेला कितीतरी वेळा इलेक्शन ड्युटी केली, केंद्राध्यक्ष म्हणूनसुद्धा, त्यामुळे ईव्हीएम मला टीव्हीवरच्या चर्चेतून नाही तर हाताळून माहितीये. पहाटे अंधारात उठून उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान घ्यायचं, ५० मतं टाकायची, मतं साठवणाऱ्या कंट्रोल युनिटचा रिझल्ट आणि व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते कागदावर छापून दाखवणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्या जुळवायच्या, मग सगळं क्लिअर करून सील लावायचं, सह्या घ्यायच्या. चिठ्ठ्या जुळल्या की इतका वेळ मशीनवर ओणवे झालेले एजंट मागे टेकून बसायचे आणि चहा मागवायचे. मी कितीही समजावलं असतं तरी जे झालं नसतं ते त्या कागदाने व्हायचं.

आणि २ डिसेंबर २०२५ ला मी आमच्या नगरपरिषदेसाठी मत द्यायला गेले, एक नगराध्यक्षाला, दोन सदस्यांना, तीन बटणं दाबली, शेवटी बीप वाजला आणि सवयीने मी बाजूला बघितलं तर तिथे व्हीव्हीपॅटची ती काचेची खिडकीच नाही. सात सेकंद दिसणारी चिठ्ठी नाही, काही नाही. बाहेर आले तर शेजारच्या काकू विचारतायत, बाई आपलं मत गेलं कुठे ते यावेळी दिसलंच नाही की हो. मला उत्तर देता आलं नाही साहेब, इतकी वर्षं दुसऱ्यांना समजावणारी मी गप्प उभी राहिले.

वरून त्या निवडणुकीचा निकाल कोर्टाच्या आदेशाने २१ डिसेंबरपर्यंत लांबला. जवळजवळ तीन आठवडे मशीन स्ट्राँगरूममध्ये आणि बाहेर थंडीत पोरं पहारा देत बसलेली. आत कुणी काही केलं असं मी म्हणत नाहीये, माझ्याकडे पुरावा नाही, मशीनला इंटरनेट नसतो हेही मला माहितीये. पण उद्या कुणी शंका घेतली तर दाखवणार काय? कागदच नाही म्हटल्यावर फेरमोजणी म्हणजे तेच रिझल्टचं बटण परत दाबणं, आकडा तोच येणार.

तुमच्याकडून सांगितलं गेलं की बहुसदस्यीय प्रभागात व्हीव्हीपॅट बसत नाही. बरं, एका मतदाराची तीन-चार मतं, अडचण समजू शकते. पण मुंबई महापालिकेचे २२७ वॉर्ड तर एकसदस्यीय आहेत ना, तिथे एक मतदार एकच मत देतो, मग जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत तिथे का नाही बसवलं? आणि बहुसदस्यीयसाठी वेगळं मशीन लागत असेल तर २०१३ पासून आत्तापर्यंत वेळ कमी होता का? त्या वर्षी ८ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने पेपर ट्रेल, म्हणजे मताची कागदी नोंद, मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी अत्यावश्यक आहे असं सांगितलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली हे खरं, पण चिठ्ठीच काढून टाका असं त्यात कुठेही नाहीये, उलट विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातल्या पाच बूथच्या चिठ्ठ्या मोजायची पद्धत तशीच चालू राहिली. जर्मनीत तर २००९ ला तिथल्या घटनात्मक कोर्टाने सांगितलं की कुठलंही तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसाला मतदान-मोजणी तपासता आली पाहिजे. आमच्या काकूंना एवढंच तर हवंय.

नगरपालिकेचं मत लहान नसतं हो. पाणी, गटार, घरपट्टी सगळं तिथेच ठरतं, काही ठिकाणी पाच-दहा मतांवर माणूस निवडून येतो, म्हणजे कागदाची गरज उलट इथेच जास्त.

माझं मागणं असं की जिथे मतदाराचं एकच मत असतं तिथे पुढच्या निवडणुकीपासून व्हीव्हीपॅट लावा, काही बूथच्या चिठ्ठ्या उमेदवारांसमोर मोजा, आणि जिथे मशीन जमत नाही तिथे ते जमेपर्यंत मतपत्रिका वापरा, आम्ही शिक्षक रात्रभर मोजत बसू, पूर्वी बसायचोच. उत्तर पेपरात द्या नाहीतर तहसीलच्या बोर्डावर लावा, कसंही चालेल, फक्त व्हीव्हीपॅट कधीपासून येणार ती तारीख त्यात असू द्या.

आपली,
एक मतदार, माजी केंद्राध्यक्ष