नाल्यावरच्या पुलाचं मी शोधून काढलं

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बाबा तुम्ही विचारलं, "तू नियोजनच्या ऑफिसात बसतेस ना, मग आपल्या नाल्यावर पूल काहून होत नाही?" आणि मी काहीतरी गोलमोल बोलून विषय बदलला. नंतर रात्री झोप नाही आली. आई मागच्या आठवड्यात त्याच नाल्यात घसरली, हाताला लागलं, आणि ते तुम्ही मला चार दिवसांनी सांगितलं, त्याचा राग वेगळा. पण तुमचा प्रश्न बरोबर होता आणि त्याला उत्तर मी नाही देणार तर कोण देणार. फोनवर हे सगळं सांगून होत नाही म्हणून लिहितेय. लांब होईल. बाबा तुम्ही वाचा आणि आईला वाचून दाखवा.

पहिली गोष्ट म्हणजे सरकारचे सगळे पैसे आमच्या ऑफिसातून जातात असं तुम्हाला वाटतं, तसं नाहीये. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा सगळा महसुली खर्च, तो बजेटचा फार मोठा भाग खाऊन टाकतो. उरलं त्यातून रस्ते, धरणं, दवाखाने, शाळांच्या इमारती, ज्या मागे राहतात त्या, तो भांडवली खर्च. त्यातली मोठी कामं, म्हणजे सिंचन प्रकल्प, राज्यमार्ग, मेडिकल कॉलेज, ही मंत्रालयातून खात्याखात्याने ठरतात. जिल्ह्याच्या हातात येते ती जिल्हा वार्षिक योजना, आणि तीसुद्धा तीन भागांत, सर्वसाधारण, अनुसूचित जातींसाठीची आणि आदिवासींसाठीची. पालकमंत्री अध्यक्ष, कलेक्टर सदस्य सचिव, आणि जिल्हा परिषद-नगरपालिकांतून निवडून आलेले सदस्य, अशी ती जिल्हा नियोजन समिती. लोक अजून डीपीडीसीच म्हणतात.

आपल्या माळावरून समृद्धी महामार्गाचे दिवे दिसतात ना, ७०१ किलोमीटरचा रस्ता, आपल्या वाशीम जिल्ह्यातून गेलाय, तो या डीपीडीसीच्या पैशाचा नाहीच. तो रस्ते विकास महामंडळाने मोठी कर्जं उभी करून केला. बाबा तुम्ही म्हणता "एवढा मोठा रस्ता झाला आणि चाळीस फुटाचा पूल नाही होत", मला ते समजतं, पण ते दोन वेगवेगळे खिसे आहेत, आणि दुसरा खिसा फार लहान आहे.

आता तो लहान खिसा जिल्ह्याजिल्ह्यात वाटतात कसा, हे मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण नोकरीला लागल्यापासून मला यातच सगळ्यात जास्त विचार करावासा वाटलाय. राज्य दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याला एक मर्यादा कळवतं, त्याला आम्ही नियतव्यय म्हणतो. ती काढताना लोकसंख्या, क्षेत्रफळ, मानवविकास निर्देशांक असं सगळं धरतात. नुसती लोकसंख्या धरली तर काय होईल बघा. पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर, गडचिरोली १४,४१२. जमीन जवळजवळ सारखी. पण २०११ च्या जनगणनेत पुण्यात ९४ लाख माणसं आणि गडचिरोलीत पावणेअकरा लाखही नाहीत. डोक्याप्रमाणे वाटले तर गडचिरोलीला नवव्या हिश्शाएवढे पैसे, आणि रस्ता मात्र तेवढ्याच जमिनीवर न्यायचा, तोही जंगलातून आणि नद्यांवरून. रस्ता काही माणसं मोजून लांबीला कमी होत नाही. आपलं वाशीम तर दोन्हीकडून लहान, १२ लाख लोकसंख्या, त्यामुळे आपल्या वाट्याला मुळात कमीच येतं.

हे भांडण जुनं आहे. आबा सांगायचे तसा १९५३ चा नागपूर करार, मराठी भाग एका राज्यात आणायला नेत्यांनी केलेला, त्यात विदर्भावर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करायचं कबूल केलेलं. मग १९५६ ला घटनेत ३७१(२) कलम आलं, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित भागासाठी विकास मंडळं करता येतील आणि निधीचं समन्यायी वाटप राज्यपालांनी बघायचं. ती मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ ला! अडतीस वर्षं लागली. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांची मुदत संपली ती तशीच संपली.

मधे १९८३ मध्ये कुठला भाग किती मागे आहे ते मोजायला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिचा रिपोर्ट १९८४ चा. मी तो ऑफिसच्या लायब्ररीत बसून वाचला, जेवणाच्या सुट्टीत थोडा थोडा. पद्धत एकदम सरळ. प्रत्येक बाबतीत, म्हणजे सिंचन, रस्ते, दवाखाने, शाळा, राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे त्याला सरासरीपर्यंत आणायला किती पैसे लागतील ते मोजायचं. तो झाला अनुशेष. तेव्हा तो निघाला ३,१८६ कोटी, त्यात विदर्भाचा ३९ टक्के. पुढे नव्वदच्या दशकात निर्देशांक आणि अनुशेष समितीने पुन्हा मोजलं तर आकडा १४ हजार कोटींच्या घरात. बाबा, दहा वर्षं पैसे देऊनही अनुशेष वाढला कसा? महागाई हे एक झालंच. दुसरं म्हणजे आपल्याकडे काम होतं तेव्हा पुढचे जिल्हे काही थांबलेले नसतात, ते पण बांधतात, सरासरी वर जाते आणि आपण पुन्हा खाली. कृष्णेचं पाणी २००० सालाच्या आत अडवायचं म्हणून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं आणि रोखे विकून तिकडे पैसा लावला. विदर्भाचं सिंचन महामंडळ त्यानंतर वर्षभराने आलं. शेवटी २००१ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निर्देश काढले की सिंचनाचा निधी ठरलेल्या सूत्रानेच वाटायचा. तरी अमरावती, अकोला, बुलडाणा आणि आपलं वाशीम यांचा सिंचनाचा प्रश्न नंतरही कितीतरी वर्षं राहिलाच.

आणि पैसे मंजूर होणं म्हणजे काम होणं नाही. गोसीखुर्द बघा. १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मूळ खर्च ३७२ कोटी. तो पुढे १८ हजार कोटींच्याही वर गेला. दरवर्षी थोडे थोडे पैसे, सगळीकडे एकदम कामं काढलेली, भूसंपादन अडकलेलं, पुनर्वसन राहिलेलं. भांडवली खर्चाचं हेच असतं, अर्धवट धरणात एक थेंब पाणी शेताला जात नाही, पण पैसे तर गेलेले असतात. मला विचाराल तर दहा कामांना थोडं थोडं देण्यापेक्षा चार पूर्ण करावीत, पण तसं म्हटलं की उरलेल्या सहा ठिकाणचे लोक विचारतात, आम्ही काय पाप केलं? त्यांचंही खरंच असतं.

आता आपल्या पुलाकडे येते.

मला वाटायचं की वाशीमला कमी पैसे मिळतात म्हणून पूल होत नाही. ते अर्धंच खरं निघालं. डीपीडीसीतून ग्रामीण रस्त्यांना पैसा येतो तो बजेटच्या दोन हेडमधून, म्हणजे खात्यांमधून, आमच्याकडे सगळे आकड्यांनीच बोलतात, ३०५४ आणि ५०५४. ३०५४ दुरुस्तीचं, ५०५४ भांडवली. (गावात पाटीवर २५१५ लिहिलेलं असतं ते वेगळं, ते ग्रामविकासचं आणि वरून येतं.) यात पहिल्यांदा जुन्या चालू कामांचं दायित्व, म्हणजे त्यांचे द्यायचे राहिलेले पैसे, काढून ठेवतात, उरलेल्याच्या दीडपट कामं जिल्हा परिषद घेते, म्हणजे पुढच्या वर्षाचं दायित्व आत्ताच तयार होतं. नवीन गावाचं नवीन काम त्या फटीतून आत शिरवायचं असतं. आणि शिरतं कुणाचं? ज्याचं एस्टिमेट तयार आहे, तांत्रिक मान्यता झालीय, जागेचा वाद नाही त्याचं. ज्या तालुक्यात इंजिनिअरची पदं भरलेली आहेत तिथून फायली वेळेवर येतात. जिथे एकाच माणसाकडे तीन जणांचा चार्ज, तिथून फेब्रुवारी-मार्चमध्ये धावतपळत येतात आणि तोवर निधी दुसऱ्या कामाला वळवलेला असतो. हे मी स्वतः बघते दरवर्षी आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण कागदावर कुणीच अन्याय केलेला नसतो. मागासलेल्या भागाला फाईल करायला माणूसच नाही, म्हणून फाईल नाही, म्हणून पैसे नाहीत, म्हणून तो मागासलेला.

मग मी ओळखीच्या एका इंजिनिअरला आपल्या तालुक्याची रस्त्यांची यादी मागितली. रस्ते विकास योजना २००१ ते २०२१, त्यात ज्या रस्त्याला नंबर आहे त्यालाच ३०५४, ५०५४ चा पैसा लागतो. मी दोनदा बघितली, बाबा. आपल्या गावाला ग्रामीण मार्ग आहे, पण तो मागच्या बाजूचा, फाट्याकडून येणारा, अकरा किलोमीटरचा फेरा. नाल्याचा रस्ता, ज्यावरून मी पाच वर्षं शाळेत गेले, आई बाजाराला जाते, सगळं गाव जातं, तो यादीत नाहीच. त्याला नंबर नाही. तो पाणंद आहे, शेतांमधून जाणारी वाट.

म्हणजे कागदावर आपलं गाव रस्त्याने जोडलेलं आहे. अनुशेष शून्य. कुणी वरून सरासरी काढली, जिल्ह्याची काय, तालुक्याची काय, आपलं गाव त्यात "झालेलं" या रकान्यात आहे. दांडेकर समिती झाली तेव्हा तर वाशीम जिल्हाच नव्हता, आपण अकोल्यात मोजलो गेलो, अकोला शहराचा गजबजाट आणि आपला नाला एकाच सरासरीत. १९९८ ला जिल्हा वेगळा झाला. नंतर २०११ ला याच प्रश्नावर विजय केळकरांची समिती आली, तेव्हा जिल्ह्याऐवजी तालुका धरायचा का हा प्रश्न पुढे आलाच, आणि तो यायलाच हवा होता. पण मला तर वाटतं तालुकाही मोठाच. कुणी कधी हे विचारतच नाही की पावसाळ्यात या गावातली मुलगी शाळेत कशी पोचते. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची ती निळी बस, १२५ मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी सुरू केलेली, ती आपल्याकडे नाल्याच्या पलीकडेच उभी राहते, पोरी चपला हातात घेऊन तिच्यापर्यंत जातात.

मला आठवतं, मी आठवीत होते, पाणी मांडीपर्यंत होतं आणि बाबा तुम्ही मला खांद्यावर घेतलं आणि दप्तर डोक्यावर. आई काठावर उभी राहून ओरडत होती डावीकडून जा, डावीकडून. त्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. तुम्ही तसेच ओल्या धोतराने शेतावर गेलात.

म्हणून आता काय करायचं ते सांगते, आणि बाबा हे तुम्हीच करू शकता, मी इथून नाही. आधी पाणंदीला ग्रामीण मार्गाचा दर्जा आणि नंबर मिळायला पाहिजे, त्याशिवाय पुलाची मागणी कितीही वेळा केली तरी ती बसणार कुठेच नाही. त्यासाठी ग्रामसभेत ठराव, तो पंचायत समितीतून जिल्हा परिषदेकडे, तिथून पुढे मंजुरीला. ठरावात नुसतं "पूल व्हावा" असं लिहू देऊ नका, मागच्या सगळ्या ठरावांत तेवढंच लिहिलंय. रस्ता कुठून कुठे, लांबी किती, दोन्ही बाजूला कुणाकुणाची शेतं, सगळं यायला हवं. रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांची लेखी संमती घ्या, मोठ्या काकांशी तुम्ही बोला, त्यांचा बांध आहे तिथे आणि ते माझं ऐकणार नाहीत पण तुमचं ऐकतील. शाळेच्या सरांकडून आपल्या गावच्या मुला-मुलींची संख्या लिहून घ्या, पावसाळ्यात किती दिवस गैरहजर तेही, हजेरीपटावरून निघतं ते. नाल्याला पाणी असताना फोटो काढा, मंग्याला सांगा, तारीख दिसली पाहिजे. आणि हे सगळं दिवाळीच्या आत. हिवाळ्यात जिल्ह्याचा आराखडा तयार होतो, समितीतल्या थोड्या लोकांच्या लघुगटाची बैठक होते, मग पूर्ण समिती, मग जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर बैठक आणि मार्चला बजेट. लोक मार्चला निवेदन घेऊन येतात तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं, मी रोज बघते त्यांचे चेहरे, म्हातारी माणसं येतात लांबून आणि मला त्यांना सांगावं लागतं की पुढच्या वर्षी.

यंदा पूल होणार नाही. पुढच्या वर्षीही कदाचित नाही. नंबर मिळायलाच वेळ जाईल. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

आई, तोपर्यंत तू पाणी असताना नाला ओलांडायचा नाही. फाट्याने जा, ऑटोने जा, भाड्याचे पैसे मी वेगळे पाठवतेय, ते पैसे खतात नका घालू. हाताला सूज असेल तर एक्स-रे काढून घे, नुसती हळद लावून ठेवू नकोस.

पोळ्याला दोन दिवस सुट्टी काढून येतेय. आबांच्या लोखंडी पेटीत गावचा जुना नकाशा होता, कापडावर चिकटवलेला, त्यात नाल्याची वाट दोन रेघांनी दाखवलेली मला आठवते. तो काढून ठेवा बाबा, घडीवर फाटला असेल तर जपून. प्रस्तावाला जोडायला लागेल.

तुमची
पोरगी