दोष बारीक टायरचा नाही, जाळीचा आहे

संपादक महोदय,

कालच्या अंकातला कालव्याकाठच्या सायकल ट्रॅकवरचा लेख वाचला आणि कालपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. बारीक टायरच्या रोडबाईकवाल्यांनी या कच्च्या ट्रॅकवर येऊच नये, हमरस्त्यावर चालवावी नाहीतर जाड टायरची सायकल घ्यावी, असा सल्ला लेखात आहे. लेखकांबद्दल आदर आहे, पण हमरस्त्यावर म्हणजे नेमकं कुठे? सकाळी साडेआठला सिंहगड रोडवर पीएमपीच्या बसच्या शेजारून एकदा चालवून बघा आणि मग सांगा. याच ट्रॅकवर मी पडले ती टायरमुळे नाही, तिथल्या लोखंडी जाळीमुळे, ते पुढे सांगतेच.

मातीवर बारीक टायर चालतच नाहीत हे आधी कोणी ठरवलं? इटलीत स्त्रादे बियांके नावाची शर्यत २००७ पासून कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर होते, आणि ती रोडबाईकवरच होते. २०२४ च्या टूर दि फ्रान्समध्ये एका टप्प्यात १४ कच्चे तुकडे होते, मिळून ३२ किलोमीटर. ते व्यावसायिक खेळाडू, मागे गाडीत सुटी चाकं घेऊन मेकॅनिक बसलेला असतो, हे मलाही कळतं, पण निदान टायर आणि माती यांचं वैर नाही एवढं तरी त्यातून दिसतं ना.

खरी गोष्ट हवेची आहे आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. दुकानात टायर २८ मिलिमीटर रुंदीचा असो की २३ चा, सरसकट १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतात, मग मुरमावर सायकल दाणदाण उडते आणि वळणावर मागचं चाक सरकतं. माझ्या २८ च्या टायरमध्ये मी मुरमावर जाताना ६५-७० ठेवते, हात सैल, खाच दिसली की सीटवरून जरा उठायचं, बारीक खडीवर पुढचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. २३ च्या टायरला मात्र हवा कमी करता येत नाही, खाचेत आपटला की ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, म्हणून २३ वाल्यांनी जपून जावं हे मलाही मान्य आहे. पावसाळ्यात काळी माती ब्रेक आणि टायरच्या मध्ये गच्च बसते, तेव्हा मीही तिकडे जात नाही. सराटे आणि बाभळीचे काटे तर जाड टायरलाही सोडत नाहीत, त्यासाठी ट्यूब आणि पंप जवळ ठेवायचा, आणखी काय.

पण मी पडले ती या कशानेच नाही. कच्चा ट्रॅक संपून डांबरी रस्ता लागतो तिथे पावसाच्या पाण्यासाठी लोखंडी जाळी टाकलीय. तिचे गज सायकल ज्या दिशेने जाते त्याच दिशेने लांब आहेत आणि दोन गजांमधली फट एवढी की माझ्या अंगठ्याचं टोक सहज आत जातं. समोरून एक आजी नातवाला घेऊन येत होत्या म्हणून मी कडेला घेतली, पुढचं चाक फटीत गेलं, जागेवर अडकलं, आणि मी हँडलवरून पुढे. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी जड पिशवी उचलली की हात अजून ठणकतो. आजीच धावत आल्या, नातवाच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं, तो पोरगा भेदरून रडत होता.

मी फोटो काढून, फटीत मोजपट्टी धरून, संबंधित कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "ताई, एवढे बारीक टायर कशाला लावता?" याच्यापुढे एक शब्द नाही. अर्जाचा नंबर मिळाला, जाळी आहे तिथेच आहे. आणि काल तुमच्या पेपरात पुन्हा तेच वाक्य, फक्त सभ्य भाषेत! म्हणजे पडणाऱ्याचा दोष, जाळी बसवणाऱ्याचा नाही. उद्या एखाद्या मुलाची बारीक टायरची सायकल येईल, तिचं चाकही त्या फटीत जाऊ शकतं, मग त्याच्या आईला काय सांगणार, जाड टायरची घे?

आणि दुसरी सायकल घ्या म्हणणं सोपं आहे. मी हीच सायकल बचत करून घेतली, हिच्यावरच ऑफिसला जाते, हिच्यावरच रविवारी खडकवासल्याला. घरात दोन सायकली लावायला जागा कोणाकडे असते?

लिहितेच आहे तर ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेल्या त्या लोखंडी खांबांबद्दलही लिहिते. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लावलेत, पण मोटारसायकलवाले कडेच्या मातीवरून आरामात आत येतात आणि आमचं हँडल मात्र खांबात अडकतं, उतरून सायकल तिरकी करून काढावी लागते. साठी-सत्तरीचे काका लोक येतात सकाळी, त्यांचे हाल बघवत नाहीत.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले, मीही मुलीला घेऊन बघायला उभी होते आणि खरंच ऊर भरून आला. म्हणजे मनात आणलं तर होतं. २०१७ मध्ये महापालिकेने मंजूर केलेल्या सायकल आराखड्यात ८०० किलोमीटरहून जास्त मार्गांचं जाळं आखलं होतं. ते सगळं मी आज मागत नाही. त्या जाळीवर आडव्या पट्ट्या वेल्ड करा किंवा ती काढून गज आडवे येतील अशी फिरवून बसवा, एवढंच मागतेय.

जाळीचा फोटो सोबत पाठवलाय, मोजपट्टीसकट. पत्र कापलंत तरी चालेल, फोटो तेवढा छापा, आणि कोणत्या पुलाजवळची जाळी ते खाली लिहा म्हणजे तिथून जाणारे सावध होतील.

आपली,
एक सायकलस्वार वाचक, पुणे