दूधगंगेकाठून लेकीस

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. मतदानाला गावी येईन, पण बटण 'नोटा'चेच दाबेन, असे तू लिहिले आहेस; आणि मी ज्या पक्षाला मत देणार आहे त्याचे दोष एकेक करून मांडून, त्यांना मत द्यायला माझे मन कसे धजते, असेही विचारले आहेस. तू मांडलेला एकही दोष मला खोटा वाटत नाही. त्यांच्या व्यासपीठावर कारखानदार बसतात, सीमाभागातील मराठी शाळांसाठी त्यांनी काही केलेले नाही आणि आपली कागदपत्रे मराठीतून मिळावीत ही मागणी त्यांना निवडणुकीपुरतीच ऐकू येते. तुझ्या आजोबांनी हयातभर महाराष्ट्र एकीकरण समितीलाच मत दिले, माझे पहिले मतही समितीलाच पडले; त्यामुळे हा निर्णय मला सोपा गेला आहे असे समजू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात नदीला साखर कारखान्याचे मळीमिश्रित पाणी आले तेव्हा तू पुण्यात होतीस. पात्र आटलेले, पाणी चहासारखे तांबूस झालेले आणि जॅकवेलपासून घाटापर्यंत आंबूस वास पसरलेला. मासे तोंड वर काढून श्वास घेऊ पाहत होते आणि दुपारपर्यंत काठाला त्यांचा खच पडला. मळीतील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, हे मी वर्गात किती वर्षे शिकवले. पण गावातली पोरे ते मेलेले मासे बुट्ट्यांत भरून घरी नेत होती, त्यांना मी अडवू शकले नाही. त्यानंतर चार दिवस गावाचे नळपाणी बंद होते.

तक्रारीच्या कागदावर सह्या घ्यायला मी घरोघर फिरले. सतरा जणांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी मान खाली घातली. त्यांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही, कारण आपलाही तीन एकर ऊस त्याच कारखान्याला जातो. ज्याच्याविरुद्ध सही करायची, तोडणीची पाळी त्याच्याच हातात. टोळी महिनाभर उशिरा आली की ऊस वाळतो, वजन घटते आणि वर्षाच्या बिलाला खिंडार पडते. तुझे महाविद्यालयाचे शुल्क याच बिलातून भरले, हे तुझ्यापासून लपलेले नाही. जिथे पोटाचा आणि पाण्याचा मालक एकच असतो, तिथे गावाने स्वतःच राखण करावी ही अपेक्षा फार क्रूर आहे, सई. ती राखण बाहेरच्या कुणीतरी, कायद्याच्या अधिकाराने आणि आमच्यातल्या कुणाची सही न मागता केली पाहिजे. माझ्या मताचे खरे कारण एवढेच आहे.

असा कायदा नाही, असेही नाही. साखर कारखान्याने एक टन उसामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडू नये, असा नियम २०१६ पासून आहे; सांडपाण्याच्या तोंडावर यंत्र बसवून त्याचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सतत पाठवावेत, असे त्याआधीच ठरले आहे. परंतु ते आकडे वाचायला मंडळात माणसे नेमायची की जागा रिकाम्या ठेवायच्या, हे सरकार ठरवते. नदीचा वरचा काठ महाराष्ट्रात आणि खालचा कर्नाटकात असल्याने आपला अर्ज इकडून तिकडे फिरत राहिला. दोन्ही राज्यांच्या मंडळांना एकत्र बसवायचे असेल तर तेही सरकारच करू शकते.

आणि जो कायदा आहे तो पातळ कसा होतो, तेही पाहा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून त्याजागी अधिकाऱ्याने ठरवायची दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची रक्कम आणली. एका हंगामात कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला ही रक्कम म्हणजे खर्चाच्या वहीतली एक ओळ आहे. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचे काय नुकसान होईल ते आधी तपासण्याच्या नियमांचा, नवा मसुदा आला, त्यात जनसुनावणीच्या सूचनेची ३० दिवसांची मुदत २० दिवसांवर आणायची होती. तो मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच होता. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचे भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. आपल्या भाषेतील कागदासाठी इतकी वर्षे भांडणाऱ्या आपल्या लोकांना तरी पाण्याचा आणि भाषेचा प्रश्न इथे कसा एक होतो, हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्याकडे आलेल्या उमेदवारांना मी एकच प्रश्न विचारला : जनसुनावणीची मुदत आणि मंडळाच्या रिकाम्या जागा यांचे काय करणार? एकाने विषय बदलला, दुसऱ्याने कारखाने बंद पडतील अशी भीती घातली. या पक्षाच्या उमेदवाराने मात्र मुदत कमी होऊ देणार नाही आणि जागा भरण्याचा आग्रह धरीन, असे चारचौघांत सांगितले. तो शब्द पाळेलच याची मला खात्री नाही. म्हादई नदीचे पाणी वळवण्याच्या बाबतीत त्याचा पक्षही इतरांसारखाच बोलतो आणि त्यात खानापूरच्या जंगलाचे काय होईल यावर गप्प बसतो, तेही मला सलते. पण शब्द दिलेल्या माणसाच्या दारात मला पुन्हा जाता येईल. ज्याने शब्दच दिला नाही त्याच्या दारात कशाच्या आधारावर जाऊ?

'नोटा'विषयी म्हणशील, तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो हक्क तुला मिळाला आहे आणि तो बजावण्यात काही गैर नाही. फक्त एवढे ध्यानात घे की 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो. तुझा राग नोंदला जाईल, पण मंडळावर कोण बसणार हे ठरवताना तो मोजला जाणार नाही.

मी तुझ्यावर सक्ती करणार नाही. तुझे ओळखपत्र देवघराच्या खणात आहे. येशील तेव्हा दोन दिवस जास्त राहा, कारण निकाल काहीही लागला तरी पुढच्या गाळप हंगामाआधी पाण्याचे नमुने घेण्यासाठी अर्ज द्यायचा आहे. तो कन्नडमध्ये लागतो आणि तुझे कन्नड माझ्यापेक्षा चांगले आहे.

तुझी,
आई