छातीच्या जखमेला प्लास्टिक चिकटवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमध्ये मी हमखास एक प्रश्न विचारते, छातीत चाकू किंवा सळई घुसून भोक पडलं तर काय कराल? आणि निम्म्या लोकांचं उत्तर तयारच असतं, प्लास्टिक लावायचं आणि तीन बाजूंनी चिकटपट्टी मारायची. त्यांना दोष कसा देणार, वर्षानुवर्षं हेच शिकवलं गेलंय आणि व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये अजूनही तेच दाखवतात. पण अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन रेड क्रॉसने २०१५ च्या गाइडलाइनमध्येच सांगितलंय की सामान्य माणसाने अशी जखम हवाबंद करू नये, ती उघडी ठेवली तरी चालते. इतकी वर्षं झाली तरी ही गोष्ट लोकांपर्यंत पोचलेलीच नाही, म्हणून हे पत्र.

कारण समजलं की लक्षात राहतं. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एक बारीक पोकळी असते, तिथलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतं म्हणून फुप्फुस फुगलेलं राहतं. भोक पडलं की हवा त्या पोकळीत घुसते, फुप्फुस आकसतं, आणि प्रत्येक श्वासाला जखमेतून फसफस आवाज येतो, रक्ताचे बुडबुडे दिसतात. ते बघून कुणालाही वाटणारच की आधी हे भोक बुजवू. पण आतलं फुप्फुसही फाटलेलं असेल तर त्यातून हवा पोकळीत येतच राहते, आणि बाहेरची वाट तुम्ही बंद केलेली असते, मग आतलं प्रेशर वाढत जातं, हृदय एका बाजूला ढकललं जातं, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं आणि माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. चौथी बाजू मोकळी ठेवली तरी काय, रक्त गोठून तीही चिकटते.

मग करायचं काय? सगळ्यात आधी अॅम्ब्युलन्स, फोन स्पीकरवर टाका म्हणजे हात मोकळे राहतात. नुसतं भोक असेल तर उघडं राहू द्या किंवा वर कोरडा, हवा जाईल असा स्वच्छ कपडा सैलसर ठेवा. रक्त जोरात वाहत असेल तर मात्र कपड्याने दाबून धराच, फक्त भिजलेला कपडा बदलत राहा, कारण चिंब झालेला कपडाही हवा अडवतो. काही लावल्यावर धाप वाढली, ओठ निळे पडले, मानेच्या शिरा फुगल्या तर लावलेलं लगेच काढा.

आणि चाकू आत असेल तर तो उपसू नका, अजिबात नाही! श्वासाबरोबर तो हलताना दिसतो, बघवत नाही, हात आपोआप मुठीकडे जातो. पण कदाचित त्या पात्यानेच आतली रक्तवाहिनी दाबून धरलेली असते. दोन्ही बाजूंना कपड्याच्या जाड गुंडाळ्या लावून तो हलणार नाही असा धरून ठेवा, काढायचं काम ऑपरेशन थिएटरमधलं.

शुद्धीवर असेल तर बळजबरीने आडवं करू नका, बसतं ठेवा, जखमेच्या बाजूला थोडं कलतं. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर जखमेची बाजू खाली करून कुशीवर वळवा. श्वासच थांबला तर सीपीआर, म्हणजे छातीच्या मधोमध हातांनी जोरात दाबत राहणं. पाठ आणि काखही चाचपा, दुसरी जखम तिथे लपलेली असू शकते. पाणी देऊ नका, एक घोटही नाही, ऑपरेशन लागण्याची शक्यता असते. अंगावर पांघरूण घाला, थंडी वाजली की रक्त गोठायला वेळ लागतो.

सैनिकांकडे आणि अॅम्ब्युलन्समध्ये व्हॉल्व्ह असलेले खास चेस्ट सील, म्हणजे छातीच्या जखमेवर चिकटवायच्या पट्ट्या असतात, त्यांची गोष्ट वेगळी, ते हवा बाहेर सोडतात आणि वापरणाऱ्याला ट्रेनिंग असतं. स्वयंपाकघरातली पिशवी म्हणजे ते नव्हे.

आपल्या आरोग्य पुरवणीत प्रथमोपचाराची माहिती येते, त्यात तीन बाजूंच्या चिकटपट्टीचं चित्र कृपया छापू नका, आणि जमल्यास ही दुरुस्ती ठळक चौकटीत द्या.

आपली,
प्रथमोपचार शिकवणारी एक वाचक