यादी मोठी, पण फाइल कोण वाचणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या व्यवसाय पुरवणीतील लॉ फर्मविषयीचा लेख वाचला. कंपनी कायदा, कर, मालमत्ता, कामगार, बौद्धिक संपदा, कौटुंबिक वाद, फौजदारी बचाव, लवाद अशी सेवांची भलीमोठी यादी त्यात आहे. जितके विभाग जास्त तितकी फर्म चांगली, असा लेखाचा सूर वाटला. एका उद्योगाच्या कायदा विभागात नोकरी केल्यामुळे अशा फर्मशी माझा पक्षकाराच्या बाजूने बराच संबंध आला आहे. माझ्या मते यादीच्या लांबीवरून फारसे काही कळत नाही. एका विभागाचा कागद दुसऱ्या विभागातला वकील वेळेवर वाचतो का, हे पाहिले तरच फर्मची पारख होते.

समजा, भाऊ आणि बहीण यांना वडिलांनी उभा केलेला कारखाना विकायचा आहे. वरवर पाहता काम एका विक्री कराराचे. पण खरेदीदाराचा पहिलाच प्रश्न असतो, कंपनीचे शेअर घ्यायचे की नुसती जागा, यंत्रे आणि नाव? शेअर घेतले तर कंपनीची जुनी देणी, चालू दावे, थकलेला कर हे सगळे कंपनीसोबतच येते. मालमत्ता तेवढी घेतली तर बरीचशी देणी विकणाऱ्या कंपनीकडे राहतात, पण भाडेकरार, परवाने आणि ग्राहकांशी झालेले करार एकेक करून नव्या नावावर करावे लागतात. कामगारांचे काय होणार, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. युरोपीय संघातल्या देशांत ते आपल्या जुन्या सेवाशर्तींसह आपोआप नव्या मालकाकडे जातात, इतर अनेक ठिकाणी तसे होत नाही. यातल्या प्रत्येक पर्यायाचा कराचा हिशेबही निराळा.

आता आणखी एक गाठ. कारखान्याच्या मालाचा ट्रेडमार्क कंपनीच्या नव्हे, वडिलांच्या वैयक्तिक नावावर नोंदलेला निघतो. वडील हयात नाहीत आणि मृत्युपत्रात त्याचा उल्लेखही नाही. म्हणजे कंपनी विभागाची फाइल वारसाहक्काच्या वकिलाकडे गेली. बहीण परदेशी, तिचे मुखत्यारपत्र तिकडून यायचे. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर अपोस्टिलवर, म्हणजे कागद खरा असल्याच्या एका सरकारी प्रमाणपत्रावर, भागते, नाहीतर वकिलातीत खेटे. पाच निरनिराळ्या वकिलांकडे ही कामे दिली असती तर पाचही जणांनी आपापले काम चोख केले असते, आणि ट्रेडमार्कची भानगड सह्यांच्या आदल्या दिवशी उघड झाली असती. मोठ्या फर्मकडे जायचे ते ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कळावी म्हणून. तसे होणार नसेल तर एका छताचा उपयोग फक्त गाडी एकदाच लावावी लागते एवढाच.

वादनिवारणाच्या कलमाचेही असेच होते. किंमत, मुदत, हमी यांवर घासाघीस होते आणि वाद झाला तर कुठे जायचे, हे कलम शेवटी रात्री उशिरा जुन्या करारातून उचलून चिकटवले जाते. या धंद्यात त्याला ‘मिडनाइट क्लॉज’ असे नावच पडले आहे. खरे तर समोरचा पक्ष दुसऱ्या देशातला असेल तर सगळा करार त्या कलमावर उभा असतो. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात १७० हून अधिक देश आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा त्यांपैकी बहुतेक ठिकाणी अंमलात आणता येतो. कोर्टाच्या हुकूमनाम्यासाठी एवढ्या व्यापक प्रमाणात अशी सोय नाही. दावे लढवणाऱ्या वकिलाने हे कलम सहीपूर्वी दहा मिनिटे वाचले तर पुढची काही वर्षे वाचू शकतात. पण त्याला ते दाखवतो कोण?

पेटंटबाबत एवढेच सांगतो, की अर्ज करण्याआधी शोध प्रदर्शनात मांडला तर बहुतेक देशांत त्याचे नावीन्य संपते आणि पेटंट मिळत नाही. अमेरिकेत एका वर्षाची सवलत आहे, युरोपात ती जवळजवळ नाही. प्रदर्शनाचा करार तपासणाऱ्या वकिलाला हे माहीत हवे.

मोठेपणाचा एक धोका लेखात यायला हवा होता, तो हितसंबंधांच्या संघर्षाचा. विभाग आणि पक्षकार जितके जास्त, तितकी तुमचा प्रतिस्पर्धी त्याच फर्मचा जुना पक्षकार असण्याची शक्यता जास्त. मग ‘आमच्या दोन विभागांमध्ये भिंत आहे’, म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याकडे जात नाही, असे सांगितले जाते. ब्रुनेईचे प्रिन्स जेफ्री आणि केपीएमजी यांच्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९९८ साली ही भिंत पुरेशी मानली नाही आणि फर्मला राजपुत्राच्या विरोधातले नवे काम करण्यास मनाई केली. केपीएमजी ही हिशेबनिसांची फर्म, पण दाव्यासाठी साहाय्य करताना तिला राजपुत्राची गोपनीय माहिती मिळाली होती. म्हणून तिलाही वकिलांचाच दंडक लावला गेला. एका कामापुरती घाईने उभी केलेली भिंत चालत नाही आणि माहिती फुटण्याचा खरा धोका नाही हे फर्मनेच दाखवून द्यायचे, असा त्या निकालाचा रोख आहे. म्हणून चांगली फर्म तुमची हकीकत ऐकण्याआधी समोरचा पक्ष कोण, ते विचारते. हा प्रश्न काहींना उद्धट वाटतो. मला तो दिलासा देणारा वाटतो.

‘सर्व सेवा’ या शब्दांनाही मर्यादा आहेत. जर्मनीत जमिनीच्या विक्रीचा करार नोटरीसमोरच व्हावा लागतो, वकिलांची फर्म कितीही मोठी असो. इंग्लंडमध्ये वरिष्ठ न्यायालयातल्या युक्तिवादासाठी सॉलिसिटरांची फर्म बहुधा बाहेरचा बॅरिस्टर नेमते. आणि साधे मृत्युपत्र किंवा घराचा भाडेकरार करायचा असेल तर एकटा, अनुभवी वकील उत्तम. तिथे मोठी फर्म म्हणजे निव्वळ जास्तीचा खर्च.

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर माझ्याच म्हणण्यातली एक अडचणही सांगायला हवी. दोन विभागांनी एकमेकांशी बोलावे असे मी म्हणतो खरे, पण तासाच्या दराने बिल होत असेल तर त्या बोलण्याचे बिल दोन्ही बाजूंनी लागते. अनेक फर्ममध्ये वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजला जातो. पहिल्या बैठकीला ज्येष्ठ भागीदार हजर असतो, मसुदा मात्र दोन वर्षांपूर्वी सनद मिळालेला कनिष्ठ वकील लिहितो. यात गैर काही नाही, ज्येष्ठाच्या दराने मसुदा लिहून घेणे कोणालाच परवडणार नाही. फक्त कोण काय करणार आणि अंतर्गत चर्चेचे पैसे लागणार का, हे आधी लेखी ठरावे. काही फर्म ठरावीक रकमेवर काम घेतात. तिथे विभाग एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, असे माझे निरीक्षण आहे.

पुरवणीच्या पुढच्या भागात फर्मच्या भागीदारांची मुलाखत येणार असेल, तर त्यांना सेवा किती हे न विचारता दोन गोष्टी विचाराव्यात, ही विनंती. एका पक्षकाराची चार विभागांत विखुरलेली कामे नजरेखाली ठेवणारी जबाबदार व्यक्ती तुमच्याकडे कोण असते? आणि नेमणूकपत्रात, म्हणजे पक्षकार फर्मला काम देतो त्या लेखी करारात, जी कामे वगळलेली असतात, ती पक्षकाराला तोंडी समजावून सांगता का?

आपला,
एक नियमित वाचक