रविवारची मिटिंग : कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं ग्रुप होम

सगळ्या मेंबरांना नमस्कार, आपल्या जुळे सोलापुरातल्या लेनच्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात बौद्धिक दिव्यांग मोठ्या मुलांसाठी राहायची सोय सुरू होतेय त्यावर रविवारी संध्याकाळी 6 ला मारुतीच्या देवळासमोर मिटिंग ठेवलीय, घरटी एक जण तरी या.

"रहिवासी झोनमध्ये असलं चालतच नाही" असं काही जण ठासून सांगतायत, पण आधी कायदा बघा की ओ. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 5 मध्ये त्यांना समाजात राहायचा हक्क दिलाय, मात्र अशा संस्थेला नोंदणी कंपल्सरी आहे. म्हणजे विचारायचं तर नोंदणीचं सर्टिफिकेट, महापालिकेची परवानगी, रात्री कोण थांबणार, जिन्याला कठडा आहे का हे विचारा. पाणी आलेल्या दिवशी टाकी कशी भरणार हा प्रश्न पण रास्त आहे.

"भीती वाटते" एवढ्यावर या घराविरुद्ध अर्ज करू नका. अमेरिकेत टेक्सासमधल्या क्लीबर्न शहरानं असल्याच घराला परमिट नाकारलं होतं, 1985 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते चुकीचं ठरवलं, शेजाऱ्यांची नुसती भीती कारण म्हणून चालली नाही.

घर चालवणाऱ्या ताईंना पण बोलावलंय, नीट बोला. गाड्या देवळासमोर लावू नका.